दोन सेकंदांचा आत्मा

सकाळी नऊ वाजता मामाच्या गॅरेजसमोर साठ-सत्तर माणसं उभी होती आणि एकही बोलत नव्हतं. आमच्याकडे तिघं जमली की सहा जणांचा आवाज होतो, त्यामुळे त्या दिवशीचा पहिला चमत्कार खरं तर हाच. सगळ्यांच्या नजरा जीपवर होत्या आणि जीपच्या दाराशी इंजिनबाबा उभे होते. पायघोळ पांढरा झगा, कपाळावर ठेवणीतल्या आठ्या, डाव्या हाताच्या तर्जनीत बोराएवढ्या काळ्या खड्याची अंगठी.

"बाळा," बाबा जीपला म्हणाले, "घाबरू नकोस. आता तुला कोणी आदळणार नाही."

जीप काही बोलली नाही.

बाबांनी खिडकीतून डावा हात आत घातला, मूठ किल्लीला टेकवली आणि डोळे मिटले. ओठ हलले. मग ते म्हणाले, "फिरव."

आत बसलेल्या मामाने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. एक सेकंद, दोन, तीन. लोकांनी श्वास रोखून धरले. दहा झाले, वीस झाले, इंजिन चालूच होतं. बाबांनी हात काढून घेतला तरी चालूच. मग जो गजर झाला त्याने समोरच्या शिंप्याच्या दुकानातलं मांजर पळून गेलं ते दोन दिवसांनी परत आलं.

मी मागे हातात टेस्टर धरून उभा होतो. या जीपचं वायरिंग मी केलं होतं. अकरा दिवस मीही किल्लीच फिरवत होतो, आणि माझ्या हाताखाली हे इंजिन बरोबर दोन सेकंद चालून बंद पडत होतं.

"वायरमन, बघ," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "शीक काहीतरी."

आता ही जीप म्हणजे काय ते सांगतो. आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर एक वस्ती आहे. तिकडे रस्ता नाही. नदीच्या दगडगोट्यांतून जाणारी एक वाट आहे, ती तीनदा पाण्यात उतरते. चारी चाकांना जोर असलेली गाडीच तिथे चढते आणि तशी गाडी आमच्याकडे एकच, मामाची. दवाखान्यातली नर्स आठवड्यातून दोनदा तिच्यातून वर जाते. ही नर्स माझी थोरली बहीण. गाव तिला सिस्टर म्हणतं, मी ताई म्हणतो, आणि दोन्ही हाकांना ती सारखीच खेकसते.

मामाची एकुलती एक मुलगी त्या वरच्या वस्तीत दिलेली. घरात आम्ही तिला छोटी म्हणतो. गेल्या वर्षी तिला अवेळी कळा सुरू झाल्या, ताईला घेऊन मामा निघाला, आणि दुसऱ्या उतारावर, ऐन पाण्यात, जीपचं जुनं इंजिन बंद पडलं. ती दोघं चालत वर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. छोटी वाचली, बाळ गेलं. मामाने त्यावर एक शब्द काढला नाही. पण आता छोटीला पुन्हा आठवा लागला होता, आणि मामाने ठरवलं होतं की यावेळी जीपला नवं इंजिन.

नवं म्हणजे आमच्या ऐपतीतलं नवं. भिंतीवर आदळलेल्या एका पेट्रोल गाडीचं इंजिन भंगारवाल्याकडे होतं. इंजेक्शनचं इंजिन. जुनं इंजिन भोळं असतं. पेट्रोल दिलं, ठिणगी दिली, की चाललं. इंजेक्शनच्या इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो आणि तो सरकारी कारकुनासारखा सगळं विचारून करतो. हवा किती, पाणी गरम किती, चाक फिरतंय का, आणि मग पेट्रोलचा एक थेंब मंजूर. त्यामुळे इंजिन बसवणं मामाचं काम होतं, पण त्याला बोलतं करणं माझं.

वायरींचा तो सगळा गुंता मी मामीच्या पलंगावर पसरला. दुसरीकडे एवढी जागाच नव्हती. मामी तीन दिवस जमिनीवर झोपली आणि दिवसा माझ्याशेजारी बसून पांढऱ्या चिकटपट्टीवर नावं लिहीत राहिली. "पेट्रोलचा पंप." "गरम पाण्याची खबर." "पंखा." शेवटी एक जुडगा उरला.

"ही कुठली?" मामीने विचारलं.

"नव्या गाडीच्या मीटरमधल्या दिव्यांची. ते मीटर चौकोनी, आपल्या जीपला भोक गोल. बसत नाही."

"मग काय लिहू?"

"कामाची नाही."

मामीने वळणदार अक्षरात लिहिलं, कामाची नाही. मी पट्टी गुंडाळून तो जुडगा मागे खोचून टाकला.

भंगारवाल्याने किल्लीचं कुलूपही दिलं होतं आणि सोबत कोरी करकरीत किल्ली. "जुनी मोडली होती, नवी पाडून दिली," तो म्हणाला. किल्लीच्या भोकाभोवती काळ्या प्लॅस्टिकचं एक कडं होतं आणि त्याची वायर कॉम्प्युटरकडे जात होती. अंधारात भोक सापडावं म्हणून दिवा असेल असं मला वाटलं. पिन होती, सॉकेट होतं, जोडून टाकलं. वीस वर्षांच्या धंद्यात इतकं कमी डोकं मी कधी चालवलं नव्हतं.

मग सुरू झाले ते अकरा दिवस. किल्ली फिरवली की इंजिन उठायचं, दोन सेकंद छान चालायचं आणि बंद. मी पंप तपासला, ठिणगी तपासली, प्रत्येक वायरीची अर्थिंग घासूनपुसून पाहिली. सगळं ठणठणीत. मामाला रोज संध्याकाळी "उद्या होईल" असं सांगताना माझी मान खाली जात होती.

बाराव्या दिवशी भंगारवाला सहज आल्यासारखा आला.

"अजून नाही? मला वाटलंच." त्याने जीभ टाळूला लावून चुकचुक केलं. "मामा, राग मानू नका. पण ज्या गाडीचं हे इंजिन, तिचा मालक जागच्या जागी गेला. शेवटी दोनच श्वास घेतले म्हणे."

मामाच्या हातातला पाना खाली गेला. "दोन?"

"दोन. माझ्या ओळखीचे एक बाबा आहेत. बघा, बोलवायचं तर."

असे बाबा आले. त्यांनी इंजिनाला कान लावला.

"जीव अडकलाय," ते म्हणाले. "मालक जसा गेला तसंच इंजिन जातंय. दोन श्वास."

"मालक गेला हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"इंजिनाने."

"आणि पेट्रोल किती आहे ते सांगितलं का?"

मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. त्यानंतर काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

त्या दिवसापासून बाबांचं नाव इंजिनबाबा पडलं आणि जीप बाबांच्या अंगणात गेली. आत्म्याला त्यांच्या सावलीत राहायचं होतं. गाडी बंद केली की पुन्हा सुरू करायला बाबांचा हात लागायचा. मामाने, मी, ताईने हजारदा किल्ली फिरवून पाहिली, दोन सेकंद आणि खलास. त्यामुळे ताईला वर जायचं असलं की आधी बाबांच्या दारात रांग. पुढे श्रद्धावंत, मागे लसींचा डबा. लोक आपापली बिघडलेली यंत्रंही घेऊन येऊ लागले. शिंप्याने शिलाई मशीन आणलं, पिठाच्या गिरणीवालीने मोटर आणली. बाबांनी दोन्हींवर हात ठेवला. काही झालं नाही.

"यात कोणी मेलेलं नाही," बाबा म्हणाले. "हे मेकॅनिककडे न्या."

ताईने एकदाच तोंड उघडलं, पण भर अंगणात उघडलं. "बाळंतपण वेळ विचारून येत नाही. कळा सुरू झाल्या आणि तुम्ही अंघोळीला गेलेले असलात, तर मी काय करू?"

"श्रद्धा असेल तर मी असेन," बाबा म्हणाले.

"आणि नसाल तर?"

"तर श्रद्धा नव्हती."

या उत्तरावर लोकांनी माना डोलावल्या. ताई मामाकडे वळली. "मामा, तू तरी बोल. तीस वर्षं इंजिनं उघडतोयस. एकाच्या तरी आत आत्मा सापडला का?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "माझी पोर सुखरूप सुटू दे. मग तू म्हणशील ते मान्य करतो."

मी काय करत होतो? खरं सांगायचं तर मी गप्प होतो. आत्मा असला की माझं वायरिंग निर्दोष ठरत होतं. भुताचा एवढा फायदा कोणाला सुटतो?

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी बाबांच्या अंगणातल्या झाडावरची गांधीलमाशी खाली उतरली आणि तिने बाबांच्या डाव्या तर्जनीला डंख मारला. गांधीलमाशीची श्रद्धा कमी पडली असावी. अर्ध्या तासात बोट सुजून वांग्याच्या रंगाचं झालं आणि अंगठी मांसात रुतली. बाबा जीपमधूनच दवाखान्यात आले. गाडी चालवणाऱ्या त्यांच्या एका शिष्याने ती दारात लावली, बंद केली. जीपचं काही अडलं तर पाहायला म्हणून मीही मागून गेलो होतो.

ताईने बोट पाहिलं. "अंगठी काढावी लागेल."

"अंगठी राहू दे," बाबा कळवळत म्हणाले. "बोटाचं काय ते बघा."

"बोटाचंच बघतेय. अंगठी राहिली तर संध्याकाळपर्यंत बोट राहणार नाही."

बाबा विचारात पडले. ताई मला नंतर म्हणाली, बोट ठेवू की अंगठी यावर विचार करणारा पेशंट तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला. शेवटी दुखणं जिंकलं. ताईने साबणाचं पाणी लावलं, दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून सरकवलं, उरलेला दोरा नखापर्यंत घट्ट गुंडाळला, आणि मग खालचं टोक धरून एकेक वेढा सोडत गेली. अंगठी दोऱ्यावरून पुढे पुढे सरकत निघून आली. ताईने ती स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली, बोटाला औषध लावून बँडेज केलं.

"अंगठी द्या," बाबांनी उजवा हात पुढे केला.

"स्पिरिटने धुऊन देते. बसा."

तेवढ्यात फोन वाजला. वरच्या वस्तीतून छोटीचा नवरा बोलत होता, इतका मोठ्याने की फोनची गरज नव्हती. पाणी गेलं होतं, कळा सुरू झाल्या होत्या आणि बाळ आडवं वाटतंय असं सुईण म्हणत होती.

ताईने पिशवी उचलली. मी मामाला फोन लावला. गॅरेज दोन गल्ल्यांवर, तो पायात एकच चप्पल घालून धावत आला. मागे मामी, तिच्यामागे निम्मी गल्ली.

"बाबा, हात ठेवा," मामाचा आवाज चिरकला. "लवकर ठेवा."

बाबा उठेनात. "आज शक्ती क्षीण आहे. विषबाधा झालीय."

"बाबा, माझी पोर आहे ती!"

लोकांनीच त्यांना धरून जीपपाशी नेलं. बाबांनी बँडेजचा हात किल्लीला टेकवला, डोळे मिटले, ओठ हलवले. मामाने किल्ली फिरवली. एक सेकंद. दोन. बंद. पुन्हा फिरवली. दोन, बंद. तिसऱ्यांदाही तेच. मामाचा चेहरा असा झाला की मला बघवेना. गेल्या वर्षी पाण्यात उभा राहिला असेल तेव्हाही तो असाच दिसला असेल.

"माझी अंगठी," बाबा पुटपुटले.

आजारी माणसाला तपासताना ताईची एक सवय आहे. काल काय होतं आणि आज काय नाही, एवढंच ती विचारते. ती जीपकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "बाबा इथे आहेत. हात इथे आहे. मंत्रही झाला. आत्मा कुठे जाणार, तोही इथेच असेल. कालच्यापेक्षा आज काय कमी आहे?"

ती आत गेली, ट्रेमधली अंगठी घेऊन आली, दवाखान्यातल्या चिकटपट्टीने तिने ती किल्लीच्या डोक्याला चिकटवून टाकली आणि म्हणाली, "मामा, बाजूला सर." मग स्वतः आत बसून तिने किल्ली फिरवली. ताईला गाडी चालवता येत नाही. तिचा जन्मात इंजिनाशी संबंध नाही. इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं.

"ही घोर विटंबना आहे!" बाबा ओरडले.

"असेल," ताई पलीकडच्या सीटवर सरकत म्हणाली. "परत आल्यावर माफी मागते. मामा, चल."

मी मागे उडी मारली. पहिलं पाणी ओलांडलं. दुसऱ्या पाण्यात, बरोबर त्याच जागी, एका गोट्यावर चाक चढून गाडीला हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. मामाचे हात स्टिअरिंगवर थिजले.

"फिरव की!" ताई ओरडली.

त्याने फिरवली. सुरू झालं. मी वाकून किल्लीकडे पाहत होतो: अंगठीचा खडा आणि त्याला जवळजवळ चिकटलेलं ते काळं कडं. दिव्याचं म्हणून मी जोडलेलं, पण कधीच न पेटलेलं कडं. माझ्या डोक्यात तेव्हा जो उजेड पडला त्याची वायर फार उशिरा जोडली गेली होती.

ताईने पोचल्या पोचल्या बाळ हाताने वळवलं. दुपारी मुलगी झाली. खणखणीत रडली. मामा दाराबाहेर बसून तिच्यापेक्षा जास्त रडला.

दुसऱ्या दिवशी जीप गॅरेजसमोर उभी केली आणि मी लोकांना बोलावलं. बाबाही आले, कारण अंगठी माझ्याकडे होती. भंगारवाला येत नव्हता. त्याला मामीने हाताला धरून आणला.

मी डॅशबोर्डमागे हात घालून "कामाची नाही" लिहिलेला जुडगा ओढून काढला आणि त्यातल्या एका वायरीला छोटा दिवा जोडला. नुसती किल्ली लावून फिरवली. इंजिन दोन सेकंद चाललं, मेलं, आणि दिवा भराभरा लुकलुकू लागला.

"हा दिवा नव्या गाडीच्या मीटरमध्ये असतो. 'ही किल्ली माझी नाही', असं गाडी सांगतेय. पहिल्या दिवसापासून सांगतेय. मीच तिचं तोंड बांधून ठेवलं होतं."

मग मी अंगठीचा खडा पकडीत धरून ब्लेडने हलकेच कापला. खडा कसला, वाळलेला काळा डिंक होता. आतून तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी निघाली. अशी नळी अस्सल किल्लीच्या डोक्यात कारखान्यातच बसवलेली असते. तिला बॅटरी लागत नाही. भोकाभोवतीचं कडं तिला जवळून हाक मारतं, ती आपला नंबर सांगते. नंबर जुळला की कॉम्प्युटर पेट्रोल चालू ठेवतो, नाही जुळला तर दोन सेकंदांत तोडतो. चोराने नुसती किल्ली पाडून गाडी नेऊ नये म्हणून केलेली ही सोय. अस्सल किल्लीतली नळी बाबांच्या बोटावर होती आणि मामाला मिळाली होती कोरी किल्ली.

"मला काय माहीत यात काय असतं," भंगारवाला म्हणाला.

"बाबा तुझे कोण?" मामीने विचारलं.

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "मेहुणा. आधी माझ्याकडेच भंगाराच्या वजनकाट्यावर असायचा."

"आणि तो गेलेला मालक?" मामाने हळूच विचारलं. "दोन श्वास घेतलेला?"

"त्याला कुठे काय झालं? खरचटलंसुद्धा नाही. स्वतः येऊन गाडी विकून गेला."

लोक हसायच्या बेतात होते, पण बाबांनी हात वर केला. बँडेजचाच. "भक्तहो, आत्मा सूक्ष्म असतो. तो आता या नळीत वसला आहे."

"मग झालं तर," गिरणीवाली म्हणाली. "नळी गाडीला राहू दे, तुम्ही घरी जा."

मी नळी किल्लीच्या डोक्यात बसवून बुजवली आणि म्हटलं, या, ज्याला यायचं त्याने चमत्कार करून जा. आधी कोणी पुढे होईना. मग मामी बसली, डोळे घट्ट मिटून किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू झाल्यावर घाबरून उतरली. मग शिंपी. मग गिरणीवाली. शेवटी बाबांचा शिष्य आला, त्याने किल्ली फिरवली, चालू इंजिनाचा आवाज थोडा वेळ ऐकला आणि गुरूंकडे न बघता घरी निघून गेला. एकवीस जणांनी गाडी सुरू केली. बाबा केव्हा गेले ते कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर मामा बॉनेटला टेकून उभा राहिला.

"तुला वाटत असेल, म्हाताऱ्याची बुद्धी नाठी झाली."

"नाही रे मामा."

"गेल्या वर्षी जुन्या इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटत आला होता. मला माहीत होतं. पुढच्या आठवड्यात बदलू म्हटलं होतं." त्याने बॉनेटवरून हात फिरवला. "इंजिनात आत्मा अडकतो म्हटल्यावर मला बरं वाटलं रे. यात आत्मा असेल तर त्यातही काहीतरी असेल. मग ते माझ्या हातून झालं नसेल."

मीही तेच केलं होतं. फक्त माझ्या चुकीपायी कोणी मेलं नव्हतं, एवढंच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग आम्ही दोघांनी मिळून डॅशबोर्डला नवं भोक पाडलं आणि तो दिवा तिथे बसवला, ड्रायव्हरच्या नाकासमोर. वायरीवरची मामीच्या अक्षरातली पट्टी मी काढली नाही. तशीच दिसू दिली.

लोक विचारतात, एवढी शिकलीसवरली माणसं फसतात कशी? आम्ही फसलो कारण आम्हाला उत्तर नको होतं, सुटका हवी होती. बाबाकडे तीच मिळते. म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. यंत्र अडलं, अंग दुखलं, घरात काही वाईट झालं, तर आधी ताईचा प्रश्न विचारा: काल काय होतं आणि आज काय नाही? आणि ज्या गोष्टीवर "कामाची नाही" अशी चिठ्ठी आपणच लावली असेल, ती सोडून पाहा. उत्तर बहुतेक तिथेच लुकलुकत असतं. ते आपल्या चुकीकडे बोट दाखवेल, थोडं लागेल. पण चूक कळली तर दुरुस्त करता येते. आत्म्याला पाना लागत नाही.

छोटीची मुलगी आता दीड वर्षांची आहे. मामाच्या मांडीवर बसून ती जीपची किल्ली फिरवते आणि इंजिन सुरू झालं की टाळ्या वाजवते. मामा दर आठवड्याला पेट्रोल पंप उघडून बघतो.